शाळेतला धर्म : इतिहास आणि आपली मुले

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची झाली की कार्यकर्ते आमच्याकडे लेख मागतात, आणि आम्ही धम्मदीक्षेवर नाहीतर देहूरोडच्या बुद्धमूर्तीवर चार पाने लिहून देतो. यंदा विषय वेगळा घेतला आहे. त्याला कारण आपल्याच रविवारच्या वर्गातली नववीतली एक मुलगी. तिने एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी धड देता आले नाही, आणि मग तो प्रश्न पंधरा दिवस डोक्यातून गेला नाही. तो प्रश्न पुढे येईलच. आधी आमचा स्वतःचा एक गुन्हा कबूल करतो.

आम्ही आठवीत असताना शाळेच्या एका चाचणीत रिकाम्या जागा भरायला होत्या. त्यात एक वाक्य होते : गौतम बुद्ध हा विष्णूचा टिंबटिंब अवतार आहे. आमच्या घरात भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, शेजारी तथागतांची तसबीर, पौर्णिमेला वंदना, आणि वडिलांच्या तोंडी बावीस प्रतिज्ञा. त्यातली पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच गोष्टीला नकार देणारी. आम्हाला ती पाठ होती. तरीसुद्धा आम्ही त्या टिंबांवर ‘नववा’ असे लिहिले. एक मार्क मिळाला. घरी पेपर दाखवला तेव्हा वडील काही बोलले नाहीत. पेपराची घडी घातली, फळीवर ठेवला आणि पाळीला निघून गेले. चार रट्टे दिले असते तर आम्ही ती गोष्ट केव्हाच विसरून गेलो असतो.

आज वाटते, त्या वाक्यात खोट होती ती एका शब्दाची. ‘आहे’ या शब्दाची. वैष्णव परंपरेत बुद्धाला विष्णूचा कितवा अवतार मानतात, असे विचारले असते तर ‘नववा’ हे उत्तर बरोबरच होते आणि ते लिहायला बौद्धाच्या पोराला लाज वाटायचे काही कारण नव्हते. उलट दशावताराच्या यादीत बुद्धाचे नाव कधी शिरले, कुणी घातले, कशासाठी घातले, असा इतिहासाचा एक मोठा धडाच झाला असता. ‘आहे’ म्हटले की ती श्रद्धा झाली. ‘मानतात’ म्हटले की तो अभ्यास झाला. शाळेत धर्म, तत्त्वज्ञान, नीती शिकवावी की नाही, यावर आपल्या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे तो सगळा वाद या दोन शब्दांतला आहे.

सुरुवात इंग्रजांपासून करू. १८५४ साली वुडचा खलिता आला. त्यात सरकारी शाळांतले शिक्षण कोणत्याही धर्माचे नसावे असे धोरण ठरले. बायबल शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे. एखाद्या विद्यार्थ्याने आपणहून काही विचारले तर मास्तरांनी शाळेच्या वेळेबाहेर सांगावे, पण वर्गात नाही. मिशनऱ्यांच्या शाळांना मोकळीक होती. तिथे धर्म शिकवला तरी सरकार बाकीचे विषय तपासून अनुदान देणार होते. आता हे काही इंग्रजांच्या मोठ्या मनामुळे घडले असे आम्ही मानत नाही. राज्य सांभाळायचे तर लोकांच्या धर्माला हात लावून चालत नाही, एवढे त्यांना कळत होते.

पुढे १८८२ साली हंटर कमिशन बसले. महात्मा जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यापुढे निवेदन दिले, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, ही त्यातली मागणी भाषणांतून नेहमी सांगितली जाते. पण त्याच निवेदनात शाळेत काय काय शिकवावे याची यादी आहे, ती कुणी फारशी वाचत नाही. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आणि नीती व आरोग्य यांचे थोडे धडे. जोतीरावांनी नीती आरोग्याच्या शेजारी ठेवली, देवाच्या शेजारी नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अंग स्वच्छ कसे ठेवावे आणि माणसाशी माणसासारखे कसे वागावे, ही दोन्ही शिकवण्याची गोष्ट आहे, असा त्याचा आम्ही अर्थ लावतो.

गंमत अशी की खुद्द कमिशनने वेगळीच शिफारस केली. सर्व धर्मांना मान्य होईल अशा नैसर्गिक धर्माच्या तत्त्वांवर नीतीचे एक पुस्तक तयार करावे आणि ते कॉलेजांतून शिकवावे. त्याला कमिशनमधल्याच एका मराठी माणसाने विरोध नोंदवला. ते म्हणजे काशिनाथ त्रिंबक तेलंग. हे तेलंग कोण? तर ज्यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर त्याच १८८२ साली छापून आले, ते. ज्याने गीता इतकी बारकाईने वाचली, तोच माणूस सरकारी नीतिपुस्तकाला नको म्हणाला. वाचणे निराळे आणि वर्गावर लादणे निराळे, हे त्यांना उमगले असावे.

आता आपल्या मावळात येऊ. तळेगाव आपल्यापासून इंद्रायणीच्या पलीकडे. आपली निम्मी वस्ती बाजाराला, दवाखान्याला तिकडेच जाते. याच तळेगावात वि. गो. विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. राष्ट्रीय शिक्षणाची जी चळवळ वंगभंगानंतर उठली, तिच्यातली महाराष्ट्रातली ही गाजलेली शाळा. १९१० साली सरकारने ती बंद पाडली. इंग्रज सरकारला शाळेची भीती वाटावी, ही त्या शाळेला मिळालेली पावतीच म्हणायची. तिचे देशप्रेम आम्ही नाकारत नाही. पण राष्ट्रीय शिक्षणाच्या त्या कल्पनेत धर्मशिक्षणाला मानाचे पान होते. लोकमान्य टिळकांनी १९०८ साली बार्शीच्या भाषणात धर्मशिक्षणाची गरज आवर्जून मांडली. हिंदूला हिंदू धर्म शिकवावा, मुसलमानाला इस्लाम, असा त्यांचा विचार होता. ऐकायला रास्त वाटते. पण मग गावकुसाबाहेरच्या पोराला कोणता धर्म शिकवणार होते? ज्या धर्मात त्याला देवळाच्या पायरीलाही शिवायची बंदी, त्या धर्माचा तास त्याने कुठे बसून ऐकायचा?

हे आम्ही हवेत बोलत नाही. त्याच सुमारास मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात असा एक विद्यार्थी शिकत होता. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. त्याला संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून संस्कृत मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे बाबासाहेब संस्कृत स्वतःच्या कष्टाने शिकले, मोठमोठ्या पंडितांना उत्तर देण्याइतके शिकले. पण शाळेने त्यांच्यासमोर दार लावून घेतले ते लावून घेतलेच. वेदात, स्मृतीत, उपनिषदात काय लिहिले आहे हे वाचण्याची किल्ली म्हणजे ती भाषा. ती किल्लीच द्यायची नाही आणि वर धर्मशिक्षण हवे म्हणायचे!

शाळेत जे मिळाले नाही ते घरात मिळाले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही, नंतर प्रसिद्ध झाली. प्रत्येकाने ती मिळवून वाचावी. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. कबीरपंथाला मूर्तिपूजा मान्य नाही, तरी मुलांसाठी घरात गणपती बसवायचे. ही विसंगती लहानग्या भीमाच्या लक्षात आली होती. रात्री झोपण्यापूर्वी दोघा भावांनी रामायण-महाभारत वाचायचे आणि बहिणी व जमलेली माणसे ऐकायची, असा घरचा शिरस्ता. एके दिवशी मुलाने वडिलांना सरळ विचारले, की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची नालस्ती आहे, ते आम्ही का वाचायचे? भीष्म आपल्याला आवडत नाही, द्रोण आवडत नाही, कृष्णही आवडत नाही, हेही सांगून टाकले. वडील रागावले नाहीत. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येऊ नये. द्रोण आणि कर्ण हेही लहान होते आणि केवढ्या उंचीला गेले ते पाहा, असे काहीसे त्यांचे उत्तर होते. मुलाचे समाधान झाले नाही. पण प्रश्न विचारला म्हणून त्याला कुणी वाचायचे बंद केले नाही आणि विचारायचेही बंद केले नाही. आमच्या मते हाच धर्माचा तास. भरला कुठे, तर परळच्या चाळीत, कामगारांच्या गर्दीत, एका खोलीत.

मग कृष्णराव अर्जुन केळुसकर आले. परीक्षा पास झाल्याबद्दल सत्कार झाला, त्यात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. परीक्षा कोणती, यावर मात्र मतभेद आहे. चरित्रकार मॅट्रिक म्हणतात, बाबासाहेबांनी स्वतः त्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथी म्हटले आहे. कोणतीही असो, शाळकरी वयातच ते पुस्तक हाती पडले आणि १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते मनात राहिले. केळुसकरांनी ‘तू बौद्ध हो’ असे सांगितले नव्हते. पुस्तक दिले आणि वाचणाऱ्यावर सोपवले. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचेही तसेच. शाळेचे शिक्षण फार नाही, पण ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचनात आले आणि माणूस घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेला. परत येऊन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचा प्राध्यापक झाला. ते मासिक चालवत होते ख्रिस्ती मिशनरी! पुस्तक कुणाच्या हातून येईल आणि कुणाला कुठे घेऊन जाईल, याचा नेम नसतो.

या सगळ्या अनुभवाचा माणूस पुढे घटना लिहायला बसला. संविधानाचे आजचे अठ्ठाविसावे कलम मसुद्यात बाविसावे होते. संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी त्यावर चर्चा झाली. सरकारी शाळांत धर्मशिक्षण द्यावे, सर्व धर्मांचे थोडे थोडे द्यावे, अशा सूचना होत्या. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते आमच्या समजुतीप्रमाणे असे. एक, एखाद्या विशिष्ट धर्मासाठी लोकांकडून कर घ्यायचा नाही असे आपण ठरवले आहे. मग त्याच पैशातून शाळेत धर्म कसा शिकवणार? दुसरे, या देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की सगळ्यांची सोय करणे शक्य नाही. बहुसंख्यांची सोय करून बाकीच्यांना बाजूला ठेवणेही न्यायाचे नाही. तिसरे, आमचाच मार्ग खरा असे म्हणणारे धर्म एका वर्गात आणले तर शाळेत शांतता राहायची नाही.

पण खरी गोष्ट त्यापुढची आहे. एका सभासदाने संस्कृत कॉलेजाचे उदाहरण काढले. तिथे वेद, स्मृती, गीता, उपनिषदे शिकवतात. या कलमाने ते बंद होणार का? बाबासाहेबांनी सांगितले की धर्मशिक्षण निराळे आणि संशोधन किंवा अभ्यास निराळा. धर्मशिक्षण म्हणजे मतप्रणाली शिकवणे : अमुक एकच देव आहे, अमुक हा शेवटचा प्रेषित आहे, असे. अभ्यासाला या कलमाची आडकाठी नाही. वाचकहो, आमच्या आठवीच्या पेपरातल्या टिंबांचे उत्तर १९४८ सालीच दिलेले होते. आमच्या गुरुजींपर्यंत ते पोचले नव्हते आणि आमच्यापर्यंतही नव्हते.

कलम काय म्हणते ते आपल्या पालकांनी नीट समजून घ्यावे, कारण यात आपल्या पोरांचा हक्क आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, धर्मशिक्षण देताच येत नाही. सरकार फक्त व्यवस्था पाहते पण मूळ देणगी धर्मशिक्षणासाठीच आहे, अशा संस्थेला तेवढी सूट. आणि मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या खाजगी संस्थेच्या शाळेत, म्हणजे बहुतेक हायस्कुलांत, कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मुलगा सज्ञान नसेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे नको असेल तर पालकाने हात जोडून अर्ज करायचा, असे नाही. आधी शाळेने विचारायचे. आपल्यापैकी किती जणांना शाळेने असे कधी विचारले? आम्हाला तर नाही विचारले.

हे कलम नुसते पुस्तकात नाही, ते एका बौद्ध शिक्षकाने वापरून दाखवले. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला त्याने नकार दिला. तो प्रार्थनेला हजर राहायचा, उभा राहायचा, फक्त हात जोडत नसे. त्यावरून त्याचा पगारवाढीचा लाभ अडवला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. हात जोडण्याची सक्ती करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा माणूस भांडखोर म्हणून हिणवला गेला असेल. पण आम्ही ‘नववा’ लिहिले आणि त्याने हात खाली ठेवले, यातला फरक आम्हाला टोचतो.

मधल्या काळात समित्या पुष्कळ झाल्या. राधाकृष्णन आयोग, श्रीप्रकाश समिती, कोठारी आयोग. त्यातल्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा भेद स्वच्छ मांडला आणि दुसऱ्याची शिफारस केली. त्याचे सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. १९९९ साली शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीनेही मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. त्यानंतर केंद्राचा नवा अभ्यासक्रम आला, त्यातून शाळांत एकाच धर्माचा शिरकाव होईल म्हणून अरुणा रॉय आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ सप्टेंबर २००२ रोजी निकाल झाला की धर्मांविषयी शिकवणे घटनेच्या विरुद्ध नाही. निकाल योग्यच आहे. पण अर्जदारांची भीती खोटी होती असे म्हणायला आम्ही धजणार नाही. ‘विषयी’ हा शब्द कागदावर असतो आणि वर्गात गळून पडतो.

महाराष्ट्रात मूल्यशिक्षण आले, परिपाठ आला, दहा मूल्ये आली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता वगैरे. सगळी चांगली. पण त्या दहांत जातीचे नाव कुठे नाही. या देशात नीती शिकवायची आणि जातीविषयी चकार शब्द काढायचा नाही, म्हणजे पोहायला शिकवायचे आणि पाण्याचे नाव घ्यायचे नाही.

आणि मग मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठांतराला सुचवलेला, आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाच्या तोंडाशी मनुस्मृतीतला श्लोक! श्लोक वडीलधाऱ्यांना मान देण्याविषयीचा आहे, त्यात वाईट काय, असे काहींनी विचारले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यातूनच नीतीची सुरुवात का करावीशी वाटली, एवढाच आमचा उलट प्रश्न. गदारोळ झाला आणि मनुस्मृती अभ्यासक्रमात येणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले.

इथे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना थोडे कडू सांगायचे आहे. त्या दिवसांत आपल्या पोरांनी ‘मनुस्मृतीचे नावच शाळेत नको’ अशा घोषणा दिल्या. आम्हाला ते पटत नाही. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती वाचून जाळली, आणि जाळल्यानंतरही आयुष्यभर वाचत राहिले. शूद्रांवरचा त्यांचा ग्रंथ पाहा. नववी-दहावीच्या मुलाने मनुस्मृती पाठ करू नये. पण तिच्यात स्त्रियांविषयी, शूद्रांविषयी काय लिहिले होते, महाडला ती का जाळली, हे त्याने जरूर शिकावे. पाठांतर हे ‘आहे’ झाले, हे दुसरे ‘मानत होते’ झाले.

अभ्यासाचे साहित्य पाहायला आपल्या मुलांना लांब जायला नको. नवलाख उंबऱ्यातून एका बाजूला भंडारा डोंगर, जिथे तुकोबा बसत. त्याच तुकोबांचा अभंग बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’च्या शिरावर छापला. सुदुंबऱ्याला संताजी जगनाड्यांची समाधी. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी खुद्द बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली, आणि त्याच ठिकाणी पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे असे आपले मत मांडले. पटो न पटो, त्यावर वर्गात एक तास वाद होऊ शकतो.

आणि कार्ले तर आहेच. हायस्कुलाची सहल जाते ती एकवीरेचे दर्शन, बाहेर वडापाव, आणि लेण्यात शिरून आवाज घुमतो का ते बघायचे, एवढीच. आम्ही दोनदा विहाराची मुले घेऊन गेलो. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच, वरच्या कमानी लाकडाच्या. मुलांना खांबांवरची नावे दाखवली. धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे लोक, त्यांनी खांब दिलेले. दारावर सामी नावाच्या सुताराचे आणि एका गंधविक्याचे नाव आहे. राजाचे नाव कोरलेले असणारच, पण सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकलेले पाहून आम्हा कारखान्यातल्या माणसांचा ऊर भरून येतो. तिथेच उषवदाताचा लेख आहे. नहपानाचा हा जावई. त्याने देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली, तीन लाख गाई दिल्या, असे आधी लिहिले आहे. आणि त्याच लेखात पुढे करजिक गाव वलूरक लेण्यातल्या, म्हणजे कार्ल्याच्या, चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले. वर्षावासाला जो येईल त्या सगळ्यांसाठी, पंथ न पाहता. एकाच माणसाने एकाच दगडावर दोन्ही दाने नोंदवली. दुसऱ्या एका लेखात ‘मामाल’ हे नाव येते, तेच आपले मावळ. एवढी सामग्री समोर असताना मुले काय शिकून परततात? वडापाव चांगला होता.

पाली हा विषय बोर्डाच्या यादीत आहे, नववी-दहावीला घेता येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आता शिकवणारा शोधायला हवा. बाबासाहेबांना संस्कृत नाकारले ते जातीमुळे; आपल्या पोरांना पाली मिळत नाही त्याला निदान अंशतः आपला आळस जबाबदार आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. शाळेत गौतम बुद्धांवर निबंध लिहायचा होता. सिद्धार्थाने घर का सोडले? पुस्तकात, टीव्हीवर, सगळीकडे म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी. रविवारच्या वर्गात आम्ही बाबासाहेबांच्या ग्रंथातून शिकवलेले वेगळे : शाक्य आणि कोलिय यांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध, आणि त्यातून गृहत्याग. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे संभवत नाही, असे बाबासाहेबांनी प्रस्तावनेत मांडले आहे. मावळातल्या माणसाला पाण्याचे भांडण समजावून सांगावे लागत नाही. पवनेच्या पाइपलाइनवरून ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला गोळीबार होऊन आपल्या मावळातले तिघे गेले.

मुलगी म्हणाली, “काका, मी कोणतं लिहू?”

आम्ही म्हणालो, “बाबासाहेबांचं लिही.”

“पण ते खरं कशावरून? आणि दुसरं खोटं कशावरून?”

आमचा पारा चढला. “बाबासाहेबांनी सांगितलंय ना? मग झालं,” असे म्हणून तिला गप्प केले. वर्गातली बाकीची पोरे हसली. त्याच्या आधल्याच रविवारी आम्ही त्यांना कालाम सुत्त समजावून सांगितले होते : परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. घरी गेल्यावर ते आठवले आणि फळीवर ठेवलेला तो आठवीचा पेपरही आठवला. आमच्या गुरुजींनी जे केले तेच आम्ही विहारात बसून केले, फक्त देव बदलून.

पंधरा दिवसांनी तिच्या घरी गेलो. पोरगी अभ्यासाला बसली होती, आई नुकतीच कंपनीतून आलेली. आम्ही तिला सांगितले की दोन्ही लिही. बौद्ध परंपरेतल्या कथांत चार दृश्ये सांगतात. बाबासाहेबांनी त्यावर ही शंका घेतली आणि हे कारण मांडले. आणि तुला काय पटते ते शेवटी लिही, का पटते तेही लिही. ती म्हणाली, “लिहून झालाय काका. तसाच लिहिलाय.”

निबंधाला दहापैकी आठ मिळाले. बाईंनी खाली तांबड्या शाईने विचारले होते, रोहिणी नदीची गोष्ट कोणत्या पुस्तकात आहे? मुलीने विहाराच्या कपाटातली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रत बाईंना नेऊन दिली. पुस्तक अजून परत आलेले नाही. आम्ही मागितलेलेही नाही. विहाराच्या वहीत त्याच्यापुढे ‘शाळेत’ एवढेच लिहून ठेवले आहे.